बिनबर्फाचं छप्पर

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावाच्या त्या गल्लीत एका ओळीत चौदा घरं होती आणि चौदांवर मिळून एकच लांबलचक उतरतं छप्पर. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दिवसभर बर्फ पडला, कित्येक वर्षांत पडला नव्हता असा. सोमवारी सकाळी तेरा घरांच्या डोक्यावर वीतभर पांढरा थर होता. चौदाव्याची लाल कौलं मात्र लख्ख उघडी, नुकत्याच न्हालेल्या माणसासारखी वाफाळत होती. ते घर रविराज तायडेचं.

रविराजला याचा कोण आनंद झाला. दारापुढचा बर्फ फावड्याने काढता काढता त्याने वर पाहिलं, मोबाइल काढला आणि फोटो घेतला. तो ऑफिसात पाठवला, मराठी मित्रांना पाठवला, आणि शेजारधर्म म्हणून गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकला. हा ग्रुप गल्लीतल्यांनी चोरचिलटांवर नजर ठेवण्यासाठी काढलेला. त्यावर एरवी संशयास्पद व्हॅन आणि हरवलेली मांजरं एवढाच मजकूर असे. रविराजने खाली डचमध्ये लिहिलं, आमच्या घरावर बर्फ टिकतच नाही, आणि पुढे हसरा चेहरा. मराठी मंडळींकडून अंगठे आले. गल्लीतून मात्र एकही नाही. थंडीत लोकांची बोटं आखडली असतील असं त्याला वाटलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पुष्कळ असतात, पण मारताना हसरा चेहरा टाकणारा विरळाच.

तर हा रविराज. वय बेचाळीस, मूळचा अकोल्याचा, कामाने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा. स्वतः चूक करायची त्याला मनस्वी भीती. रस्ता रिकामा असला तरी सायकलवरून लाल सिग्नलला थांबणार. ऑफिसच्या पार्टीत सगळे बिअर पीत उभे असताना हा सफरचंदाचा रस घेऊन कोपऱ्यात उभा, कारण पंचशीलातलं पाचवं शील तो सहाव्या वर्षी शिकला होता आणि त्यानंतर त्याला कोणी सूट दिल्याचं त्याच्या कानावर आलं नव्हतं. बायको धम्मदीपा विद्यापीठात संशोधक. ती म्हणायची, रवी, तुझ्याकडे बघून पोलीससुद्धा कंटाळतील. या बाबतीत तिचा अंदाज साफ चुकणार होता.

छप्पर का वाफाळत होतं, तर माळ्यावर एकेचाळीस रोपं होती. पिंपळाची.

त्यामागे एक दुःख होतं. रविराजचे वडील दादाराव वनखात्याच्या रोपवाटिकेत पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. बाविसाव्या वर्षी त्यांनी आपल्या वस्तीतल्या विहारासमोर पिंपळाचं एक रोप लावलं. त्यांच्यासाठी तो बोधिवृक्ष, आणि त्यातही स्वतःच्या हाताने वाढवलेला. निवृत्तीनंतर घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून ते रोज संध्याकाळी त्याच्याकडे तोंड करून बसत. लॉकडाउनच्या मे महिन्यात, माणसं घरात कोंडलेली असताना, रस्तारुंदीवाले आले आणि एका दिवसात झाड आडवं करून गेले. विरोध करायला बाहेर पडायचं तर कोणाला परवानगी नव्हती. दादारावांनी ते खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यातली खुर्ची उचलून आत नेली.

रविराजला हे आई गयाबाईने फोनवर सांगितलं. विमानं बंद, जाणार कसा. त्या दिवशी सुन्न होऊन बसलेला असताना त्याला टेबलाच्या खणातली औषधाची बाटली आठवली. आदल्या दिवाळीला तो अकोल्याला गेला होता, तेव्हा त्याच्या लेकीने, अस्मिताने, आजोबांबरोबर विहाराच्या गच्चीवर एक अजब उद्योग केला होता. पिंपळाचं बी हाताने पेरलं तर रुसतं, पाखराच्या पोटातून आलं की उगवतं, असं दादारावांचं म्हणणं. म्हणून आजोबा-नात मिळून गच्चीवरची पाखरांची विष्ठा खरवडत, धूत, मोहरीहून बारीक बी वेचत बसले होते. ते बी राखेत घोळवून बाटलीत भरलं होतं. नातीने खेळणं म्हणून ती बाटली आणली आणि विसरून गेली. आता त्या झाडाचं जगात एवढंच काय ते उरलं होतं.

रविराजने बी पेरलं. उगवून आलं त्यातलं निम्मं उन्हाळ्यातच गेलं, पण एकेचाळीस रोपं तगली. नेदरलँड्समधल्या ओळखीच्या बौद्ध मराठी घरांची यादी काढली ती चाळीस भरली, एकेचाळिसावं घर स्वतःचं. यंदाही चौदा एप्रिलला एकत्र जमता येणार नव्हतं, तर प्रत्येकाच्या घरी एक रोप असावं, सगळ्यांनी आपापल्या रोपापुढे बसून ऑनलाइन वंदना घ्यावी, असं ठरलं. दादारावांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाणी किती, माती कुठली, ऊब किती ते सगळं बारकाईने सांगितलं. दहा अंशांखाली दोन रात्री गेल्या की पिंपळाचं पोर मेलंच म्हणून समज, हेही सांगितलं. पण व्हिडिओ लावतो म्हटल्यावर ते नको म्हणाले.

"जगले त दाखव. हिवाळा काढला त. तवरक मले दाखवू नको," ते म्हणाले. "पाहावं अन मग त्यायनं मरावं, हे दुसऱ्यांदा नाई होत माह्याच्यानं."

तेव्हापासून ही रोपं वसंतापर्यंत जगवणं एवढं एकच काम रविराजच्या डोक्यात होतं. त्यासाठी दिवे हवे होते. जाहिरात शोधून तो टिलबर्गला एका माणसाकडे गेला. त्या माणसाने पत्ता न देता एका पार्किंगमध्ये बोलावलं, कोविडमुळे असेल असं रविराजला वाटलं. आठ मोठे दिवे, पंखा, चंदेरी कागदाची गुंडाळी, सगळं वापरलेलं. किती झाडं, त्या माणसाने विचारलं. एकेचाळीस, हा म्हणाला. माणसाने आदराने शीळ घातली, सामान स्वतः गाडीत चढवलं आणि वास शोषून घेणारी एक नळी वर फुकट दिली. रविराज म्हणाला, याची गरज नाही, माझ्या झाडांना वास येत नाही. तो माणूस बराच वेळ हसत राहिला. टिलबर्गचे लोक मोकळ्या स्वभावाचे, असं रविराजने घरी येऊन सांगितलं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दारावरची घंटा वाजली. बर्फामुळे अस्मिताच्या शाळेला सुट्टी, धम्मदीपा वरच्या खोलीत दार लावून कुठल्याशा समितीपुढे ऑनलाइन बोलत होती, आणि रविराज वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा वेशात मीटिंगमध्ये होता. दार उघडलं तर मास्क लावलेले दोन पोलीस. एक पिकल्या केसांची बाई, आनेके तिचं नाव, आणि एक तरणा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच शिपाई.

आम्ही कशाला आलो आहोत याची तुम्हाला कल्पना आहे का, आनेकेने विचारलं. पोलिसांचा हा नेहमीचा प्रश्न. शहाणा माणूस अशा वेळी नाही म्हणतो. पण रविराजच्या मनाला दोन आठवड्यांपासून एक गोष्ट खात होती. घरी दिवसाला एकच पाहुणा, असा तेव्हा सरकारी नियम होता, आणि त्याने तो मोडला होता. रोपांना कुंड्या अपुऱ्या पडायला लागल्या, एकट्याच्याने होईना, म्हणून त्याचा मित्र चंद्रहास आणि आणखी पाच जण मदतीला आले होते. खोटं बोलायचं नाही हे चौथं शील. 

"हो, कल्पना आहे," तो म्हणाला. "सहा जण होते. वर माळ्यावर, दोन तास. पण त्यांची काही चूक नाही. मीच बोलावलं होतं."

आनेकेने शिपायाकडे पाहिलं. शिपायाने वही काढली. मग जे काही झालं ते बघायला धम्मदीपा खाली असती तर तिने नवऱ्याच्या तोंडावर उशी दाबली असती. कशासाठी सहा जण? मुळं फार वाढली होती, मोठ्या कुंड्यांत हलवायची होती. किती झाडं? एकेचाळीस. हे सगळं तुम्ही एकट्याने उभं केलंत? छे, मला यातलं काय कळतं, माझे वडील भारतातून रोज फोनवर सांगतात, मी फक्त ते म्हणतील तसं करतो. आणि माल तयार झाला की? तो एकाच दिवशी, एप्रिलमध्ये सगळीकडे जाणार, टिलबर्गहून, कापेल आन डेन आयसेलहून माणसं गाड्या घेऊन येतील, नावांची यादी तयार आहे, हवी तर देतो. आणि रविराजने ती खरोखर दिली. छापील, चाळीस नावं, फोन नंबरांसकट, वर ठळक अक्षरांत 'प्रत्येक घरी एकच'.

शिपायाने वहीचं पान उलटलं. अस्मिता जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून निघते ती डचच. तिने आपणहून सांगितलं की आजोबांचा हुकूम आहे, हिवाळा संपेपर्यंत वरचं कोणाला दाखवायचं नाही. हेही लिहून घेतलं गेलं.

आता वर बघू या, आनेके म्हणाली. आणि इथे रविराजने आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाला नाही म्हटलं. बाहेर उणे सहा तापमान, पुढचं दार सताड उघडं, अशात माळ्याची झडप उघडली तर खालून वर गार वारा सुटेल आणि रोपं गारठतील. दार एका वेळी एकच उघडायचं, हा दादारावांचा नियम. मी तुमच्याबरोबर कुठेही येतो, काय शिक्षा असेल ती घेतो, पण झडप उघडू नका, असं म्हणत तो झडपेच्या शिडीपुढे हात पसरून उभा राहिला. पायजम्यात, गळ्यात ऑफिसचा हेडफोन. तो हलला नाही.

आनेकेने जबरदस्ती केली नाही. तिने शांतपणे सांगितलं की तसंही अशा जागी वर जाण्याआधी वीजवाल्याने येऊन वीज तोडावी लागते, कारण असल्या माळ्यांवरच्या उघड्या तारांनी माणसं मेली आहेत. तोवर आपण सोफ्यावर बसू. असल्या माळ्यांवरच्या म्हणजे कसल्या, हे रविराजला विचारायचं होतं, पण त्याचं डोकं 'वीज तोडावी लागते' या शब्दांपाशीच अडकलं होतं.

वीजवाला वीस मिनिटांत आला. तोवर गल्लीतले लोक बर्फात दीड दीड मीटर अंतर राखून उभे राहिले होते. बघायचं तर आहे आणि नियमही मोडायचा नाही, अशी ती गर्दी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिसत होती. समोरच्या घरातल्या ओमा रीट तेवढ्या बाहेर आल्या नव्हत्या. ओमा म्हणजे आजी, अस्मिताने त्यांना ते नाव दिलेलं. वय एकोणऐंशी, एकट्या. गेले अकरा महिने त्यांनी कोणालाही घरात घेतलं नव्हतं. धम्मदीपा शनिवारी त्यांच्या दाराच्या मुठीला वरणाचा डबा अडकवून यायची, त्या काचेतून हात हलवायच्या, एवढाच संबंध. आता त्या आपल्या बिनपडद्याच्या मोठ्या खिडकीत उभ्या राहून पाहत होत्या.

वीजवाल्याने मीटरचं कपाट उघडलं आणि खटका ओढला. घर एकदम गप्प झालं. फ्रिज थांबला, तळघरातला हीटरचा घरघराट थांबला, आणि डोक्यावरचा माळ्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. तो आवाज पाच महिने दिवसरात्र चालू होता, त्यामुळे थांबल्यावरच तो रविराजला ऐकू आला.  वडिलांची खुर्ची आत गेली त्या दिवशी आईचा आवाज कसा होता ते त्याला आठवलं.

दुसऱ्या क्षणी वरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि धम्मदीपा खाली आली. ऐन निष्कर्षाच्या स्लाइडवर तिचं इंटरनेट गेलं होतं.

"रवी, वायफायला काय केलंस?" एवढं म्हटल्यावर तिला खोलीतले गणवेश दिसले.

वीजच गेल्यावर शिडी अडवण्यात अर्थ उरला नाही, मग सगळे वर गेले. आनेके आधी, तिच्यामागे शिपाई आणि वीजवाला, मग रविराज. टॉर्चच्या उजेडात चंदेरी कागद चकाकला. खाली चार ओळींत एकेचाळीस कुंड्या, वीत-दीड वीत उंचीची रोपं, आणि प्रत्येकाला बदामाच्या आकाराची, शेपटीसारखं टोक असलेली पानं. कुंडीकुंडीवर एकेका कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी. समोरच्या तुळईला एक फोटो टाचलेला होता, प्रचंड झाडाखाली ताठ उभे असलेले दादाराव. शिपायाने वाकून एका पानाचा वास घेतला, दुसऱ्याचा घेतला, आणि मग मास्क खाली करून परत पहिल्याचा घेतला. त्याचा चेहरा पडला. हे ते नाही, तो म्हणाला.

"ते म्हणजे कोणतं?" रविराजने विचारलं.

आनेके मातीच्या पोत्यावर बसली आणि तिने त्याला समजावून सांगितलं. या देशात गांजाची चोरटी लागवड माळ्यांवर होते. दिव्यांच्या उष्णतेने छपरावरचा बर्फ वितळतो. म्हणून बर्फ पडला की पोलीस माना वर करून फिरतात, आणि लहान पोरालाही ठाऊक असतं की बिनबर्फाचं छप्पर म्हणजे काय. फक्त आजवर कोणी स्वतःच्या छपराचा फोटो काढून स्वतः पाठवला नव्हता. तिने आपल्या मोबाइलवर तो त्याला दाखवला. खाली हसरा चेहरा होताच. काल दिवसभरात तो तिच्याकडे तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला होता.

 रविराजला टिलबर्गचा माणूस आठवला, ती शीळ आठवली, वास शोषणारी नळी आठवली, आणि त्याचे कान तापले. ज्याने उभ्या जन्मात बिअरचा घोट घेतला नाही तो अर्धा तास गांजाच्या टोळीचा म्होरक्या होऊन बसला होता, आणि त्याचे वडील अकोल्यातून टोळी चालवणारे सूत्रधार. धम्मदीपाला शिडीवर उभ्या उभ्या हसू फुटलं. ते इतकं अनावर झालं की तिला खाली उतरून पायरीवर बसावं लागलं. मग अस्मिता हसायला लागली, शिपाईही मास्कमधून हसला. हा कुठला वृक्ष, याखाली काय घडलं होतं, आणि अकोल्याचं झाड कसं गेलं, ते सगळं मग रविराजने सांगितलं. आनेकेने ते वहीत लिहिलं नाही, नुसतं ऐकलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माळ्यावरच्या तारा बघून वीजवाला खाली येऊन उभा होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. वीजचोरी नाही, गांजा नाही, छान. पण आठ दिव्यांच्या तारा एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या आणि तो बोर्ड ओल्या मातीच्या पोत्याखाली, असं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आता परवानावाल्या इलेक्ट्रिशियनने तपासून कागद दिल्याशिवाय तो खटका वर करू शकत नाही. रविराजने भराभर फोन लावले. थंडीमुळे सगळ्यांचे हीटर बिघडलेले, सगळे इलेक्ट्रिशियन अडकलेले. सर्वांत लवकर म्हणजे गुरुवारी दुपारी. म्हणजे दोन रात्री. बाहेर रात्री उणे दहा-बारा, आणि विजेशिवाय घरातला हीटरही बंद.

आनेकेला आता वाईट वाटत होतं. पण तारा तिने लावल्या नव्हत्या, आणि वीजवाल्याचं खोटं नव्हतं. रविराज पुन्हा वर गेला. थर्मामीटरवर सकाळी चोवीस होते, आता सतरा. तो तिथे बसून आकडा उतरताना बघत राहिला. आणखी पाच-सहा आठवडे फक्त हवे होते. दुसऱ्यांदा नाई होत माह्याच्यानं, असं दादाराव म्हणाले होते, आणि ते आज अडीच वाजता, तिकडच्या संध्याकाळी सात वाजता, रोजच्यासारखा फोन करणार होते. आपण बापाशी खोटं बोलू शकणार नाही हे त्याला माहीत होतं. तो रडला. टॉर्च बंद करून रडला, कारण खाली माणसं होती.

थर्मामीटर पंधरावर आला तेव्हा खालून अस्मिताची हाक आली. ओमा रीट दारात उभ्या होत्या. अंगात ओव्हरकोट, पायात घरातल्या सपाता, त्याही बर्फाने भरलेल्या. काय झालं हे अस्मिताने त्यांना खिडकीपाशी जाऊन ओरडून सांगितलं होतं. एक कुंडी दाखवा म्हणाल्या. रविराजने ती कोटात लपेटून खाली आणली. त्यांनी चष्मा वर करून पान निरखलं.

"हा तर फिकस आहे," त्या आनेकेला म्हणाल्या. "माझ्या आईच्या खिडकीत चाळीस वर्षं एक फिकस होता. एवढ्यासाठी तुम्ही या माणसाची वीज तोडलीत?"

मग त्या रविराजकडे वळल्या. त्यांच्या घरी खिडकीखाली हीटर होता, खिडकीचा कट्टा हातभर रुंद होता, दक्षिणेचा उजेड होता. सगळी इकडे आणा, त्या म्हणाल्या. आणि तुम्ही तिघंही या. घरात वीज नसताना पोरीला कुठे निजवणार.

गल्ली बघत होती. दिवसाला एक पाहुणा हा नियम सगळ्यांना पाठ होता, आणि अकरा महिने तो अक्षरशः पाळला असेल तर रीटबाईंनीच. सगळ्यांची नजर आनेकेवर गेली. डच लोकांकडे यासाठी एक शब्द आहे, खेडोगन. म्हणजे गोष्ट नियमात बसत नाही, बसते असं कोणी म्हणतही नाही, पण जाणता माणूस तिकडे पाठ करून उभा राहतो. त्यांचा अर्धा देश त्यावर चालतो. आनेकेने घड्याळ पाहिलं, मग आकाश पाहिलं.

"रीटबाईंना दिवसाला एक पाहुणा चालतो," ती म्हणाली. "मला तरी एका वेळी एकच दिसतो आहे. आणि झाडं पाहुण्यांत मोजत नाहीत."

मग वीस पावलांची ती वारी सुरू झाली. एकाने कुंडी टॉवेलात गुंडाळून कोटाच्या आत घ्यायची, छातीशी धरायची, बर्फातून पलीकडे जायचं, ठेवायची, बाहेर यायचं, की दुसऱ्याने निघायचं. रविराज, धम्मदीपा, अस्मिता. तेविसाव्या खेपेला उंच शिपायाने न विचारता एक कुंडी उचलली आणि गल्लीच्या मधोमध तो घसरला. पाठीवर सपशेल आडवा, पण दोन्ही हात वर आणि हातांत कुंडी सरळ. समोरच्या ठिपक्यांतून टाळ्या पडल्या. पलीकडच्या घरातल्या माणसाने, बहुधा फोटो पुढे पाठवणाऱ्या तिघांपैकीच एकाने, रविराजच्या दारापासून रीटबाईंच्या दारापर्यंत बर्फ वितळायला मीठ टाकलं. शेवटची कुंडी आनेकेने स्वतः नेली. तिच्यावर 'तायडे' अशी चिठ्ठी होती.

रीटबाईंच्या घरात धम्मदीपा पाऊल टाकायला बिचकत होती. बाईंनी तिचा हात धरून आत घेतलं आणि तो हात त्या सोडेचनात. अकरा महिन्यांत मी कोणाला हात लावलेला नाही, त्या म्हणाल्या.  मग बाईंनी कॉफी टाकली.

बरोबर अडीच वाजता फोन वाजला. रविराज तो घेऊन बाहेर बर्फात आला.

"कसे हायेत?" दादारावांनी विचारलं. रोजचाच प्रश्न.

रविराजने सगळं सांगितलं. छप्पर, फोटो, पोलीस, वीज, दोन रात्री, रीटबाई. काही वगळलं नाही. दादाराव टोळीच्या सूत्रधाराच्या जागीसुद्धा हसले नाहीत, हूं हूं करत राहिले. रोपं मेली का हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, हे रविराजला कळत होतं. बोलता बोलता तो वळला, आणि त्याची नजर समोरच्या खिडकीवर गेली.

खिडकीला पडदा नव्हता. काचेमागे दोन ओळींत एकेचाळीस रोपं, त्यांच्यावर बर्फावरून उलटलेलं ऊन. आणि खालच्या हीटरची गरम हवा वर चढत होती, त्याने पानं हलत होती. सगळी. माळ्यावर पंखा दूर कोपऱ्यात होता, तिथे ती पाच महिने चित्रातल्यासारखी स्थिर असत. वारा नसतानाही पिंपळ सळसळतो, हे रविराज लहानपणापासून ऐकत आला होता, विहारासमोर पाहत आला होता. ते विसरला होता हे त्याला आत्ता कळलं.

"बाबा, व्हिडिओ लावतो," तो म्हणाला.

"हिवाळा सरला काय?"

"नाही सरला."

"मंग काहून?"

"तुम्ही बघा तर खरं."

पलीकडून नाही आलं नाही. रविराजने कॅमेरा चालू केला आणि फोन खिडकीकडे धरला. पडद्याच्या कोपऱ्यात दादारावांचा चेहरा आला, फार जवळ धरलेला, अर्धं कपाळ आणि चष्मा.    चष्म्याच्या काचांत खिडकीचे दोन चौकोन दिसत होते.

"हालून राह्यले रे," दादाराव म्हणाले.

"हो बाबा."

"सगळेच हालून राह्यले." मग आवाज साफ करून त्यांनी सांगितलं की डावीकडून तिसरं रोप उजेडाकडे फिरव, वाकडं चाललं आहे, आणि फोन जरासा खाली घे, कुंड्या दिसत नाहीत. रविराजने फोन खाली घेतला. आता हलवू नको, ते म्हणाले, धर तसाच. आणि मग घरात तोंड करून त्यांनी हाक मारली, मे महिन्यापासून रविराजने ऐकली नव्हती अशी, पूर्वीच्या आवाजात.

"अवं गया, माही खुर्ची बाहीर टाक. व्हरांड्यात."

खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज रविराजला उइटहॉर्नमध्ये ऐकू आला. त्याची बोटं बधिर झाली होती, खिडकीतून रीटबाई कॉफीचा कप दाखवून बोलावत होत्या. तो फोन दोन्ही हातांनी धरून तसाच उभा राहिला.